वखारीतली शिंक

स्वेटर काढायला आज ट्रंक उघडली, तर घडीतून तंबाखूचं वाळकं पान गळून पडलं. कसर लागू नये म्हणून यांनीच ठेवलेलं. त्या उग्र वासानं नाक चुरचुरलं आणि मी निपाणीच्या त्या वखारीत जाऊन पोचले.

सीमाप्रश्नावरून दगडफेक सुरू झाली होती. बेळगावला निघालेली आमची बस फुटली आणि माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. मी शाळेतली नवी बाई. हे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, मला पूर्ण अनोळखी. आम्ही दोघंच तंबाखूच्या वखारीत शिरलो. बाहेर टायर जळत होते. हे एखादी गाडी मिळते का बघायला उठले आणि मला शिंक आली.

"शिंकलासा न्हवं बाई? आता लगेच जायचं न्हाय," म्हणत खाली बसले.

"अहो, तंबाखूत शिंका येणारच! असलं काय मानताय?" मी चिडले.

ते पुन्हा उठले, मी पुन्हा शिंकले. तेवढ्यात शेजारच्या दुकानाची काच खळकन फुटली. तिसऱ्यांदा ते उठले तेव्हा मला शिंक आलीच नाही. एकटीनं राहायची भीती वाटली आणि मी खोटंच शिंकले. हे गालात हसून बसले.

लग्नानंतरही हे निघाले की मी अशीच शिंकायची. "लई वाईट नाटक करतीस गं," म्हणायचे, आणि तरी थांबायचे.

गेल्या वर्षी चौघांनी यांची तिरडी उचलली, तेव्हा उंबऱ्यात उभी राहून मी मोठ्यानं शिंकले.

कुणीच थांबलं नाही.