आगू नावाची अफवा

माझ्या छंदाला माझी बायको ‘थापांचं दप्तर’ म्हणते. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात जुन्या व्हिडिओ गेमच्या अफवा जमवतो. आम्ही लहान असताना टीव्हीला एक डबा जोडून, त्यात कॅसेट खोचून जे गेम खेळायचो, त्यांच्याविषयी पोरांनी पोरांना जे जे सांगितलं, ते सगळं मला हवं असतं. कुणी म्हणायचं, गाडीच्या गेममध्ये शर्यत सोडून उलटं जात राहिलं की शेवटी समुद्र लागतो. कुणी म्हणायचं, सगळे राक्षस मेले की पडद्यावर फोन नंबर येतो, आणि तो फिरवला तर जपानी माणूस उचलतो. मी ज्याची अफवा त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करतो, कुठल्या गल्लीत आणि कुणाकडून ऐकली ते विचारतो, आणि वेबसाइटवर लावून ठेवतो. पोट सुटलेले, चष्मा लागलेले गृहस्थ हे सांगताना आजही आवाज खाली आणतात. तेवढ्यासाठी मला हा छंद प्राणप्रिय आहे.

नियम एकच. प्रत्येक अफवेपुढे ‘खरी’ किंवा ‘खोटी’ लिहायचं. ‘सांगता येत नाही’ अशी मधली सोय मी ठेवलेली नाही, कारण मला माझा आळस चांगला ठाऊक आहे. हा नियम आगूपाशी येऊन अडला.

आगू आमच्या वर्गात आणला तो माझ्या एका वर्गमित्रानं. हा मूळचा माढ्याकडचा, शिकायला म्हणून सोलापुरात मामाकडे राहिलेला. मामाचं घर पूर्व भागात, मागांच्या खटखटाटात. त्यानं एक दिवस मधल्या सुट्टीत जाहीर केलं की विमानाच्या गेममध्ये आगू नावाचा कुणीतरी असतो. आपण अडचणीत सापडलो की ‘आगू’ अशी हाक मारायची, म्हणजे शत्रूची विमानं, गोळ्या, ढगसुद्धा जागच्या जागी थिजतात. “म्या सोता बगितलंय,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही आपापल्या भागातल्या, तासावर गेम खेळू देणाऱ्या दुकानांत जाऊन टीव्हीसमोर ‘आगू, आगू’ असा गजर केला. ढग तर सोडाच, एक गोळी थांबली नाही. माझ्या दुकानदारानं तर मला बखोट धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवसापासून मित्राचंच नाव आगू पडलं, ते आजतागायत. आता त्याचं माढ्याला खताचं दुकान आहे, मुलगी कॉलेजात आहे, तरी कुणाच्याही लग्नात पंगतीतून आवाज येतो, “आगूला वाढा रे.” तोही हसतो. पण मी त्याची अफवा रेकॉर्ड केली तेव्हा रेकॉर्डिंग बंद केल्यावर तो हसत नव्हता.

“तुला काय लिवायचं ते लिव्ह,” तो म्हणाला. “पर म्या बगितलं व्हतं. लोकांचं काय न्हाय रे. आता माजी पोरगी बी मला हसतीय. बाबा, तुमी थापा मारता, म्हणती.”

झालं. त्या दिवसापासून मी आगूच्या मागे हात धुऊन लागलो.

शहरात आगू ठाऊक असलेले आणखी काहीजण निघाले, सगळे लहानपणी त्याच्या मामाच्या घराजवळच्या दोन-तीन गल्ल्यांत राहिलेले. एकाच्या मते आगू म्हणजे टीव्हीच्या डब्यात राहणारा बुटका होता. एक शिवणकाम करणारे गृहस्थ म्हणाले, “आगू बोले तो जिन था, साब. अच्छा जिन.” मूळच्या अक्कलकोटकडच्या एका कानडी बाईंनी लहानपणी भावाच्या तोंडून ऐकलं होतं की आगू ज्याला दिसतो, तो परीक्षेत नापास होतो. भाऊ नापास झाला होता, हा पुरावा. मी सगळं गोळा केलं आणि तसूभरही पुढे सरकलो नाही.

एकदा स्टाफरूममध्ये मी ही रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो. शेजारी आमचे गणिताचे सर डबा खात होते. घरात तेलुगू बोलणारे, जन्म पूर्व भागातला. ऐकता ऐकता त्यांना ठसका लागला.

“सर, आगु म्हणजे थांब,” पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले. “तेलुगूत. माझी आई मला दिवसभर दुसरं काही म्हणतच नव्हती.”

मी माझी सगळी यादी मनातल्या मनात चाळली. आगूवर विश्वास ठेवणारे मराठी होते, कानडी होते, दखनी बोलणारे होते. त्यात तेलुगू बोलणारा एकही नव्हता. असणार कसा? घरातल्या ‘थांब’चं कोण भूत करील? हा साधा प्रश्न मला सुचला नाही, आणि मी मुलांना इतिहासाच्या साधनांची चिकित्सा शिकवतो. स्वतःचाच राग आला.

सरांच्या आईनं पुढचा धागा दिला. मित्राच्या मामाच्या गल्लीत एक बाई पुढच्या खोलीत टीव्ही ठेवून पोरांना गेम खेळू द्यायच्या, नवरा यंत्रमागावर कामाला असायचा. सगळे त्यांना अक्का म्हणत. अजून तिथंच राहतात. मी मित्राला फोन करून आगूचा अर्थ सांगितला. तो म्हणाला, “म्या येतो. माझ्याबिगर जाऊ नको.”

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो एसटीनं आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि मला उगीचच वाईट वाटलं.

अक्का दारात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळत होत्या. मित्रानं मामाचं घर सांगितलं, तशी त्यांनी मान वर करून त्याला निरखलं. “तू तो न्हवं का, पाणी प्यायला उठायचा नाही तो?” हात न थांबवता त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं.

आगूचं विचारल्यावर त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, “पोरं डोळे मिटायचीच नाहीत. लाल लाल व्हायचे डोळे. आईबाप येऊन मला बोलायचे, पोरं बिघडवतीस म्हणून. म्हणून मी मागं बसायचे, दुसरा रिमोट घेऊन. मधेच म्हणायचे, आगु, आणि बटण दाबायचे. सगळं थांबायचं. पाणी प्या, डोळे धुवा, मग परत चालू.”

माझं काम झालं होतं. अफवेचा उगम मिळाला, तोही जिवंत माणसाच्या तोंडून. आमच्या धंद्यात असा दिवस क्वचित येतो. ‘खोटी’ हा शब्द माझ्या मनात लिहूनसुद्धा झाला होता. मित्र मात्र फरशीकडे बघत होता.

“म्हंजी आगू न्हवताच,” तो म्हणाला. मग, “पर अक्का, म्या म्हटल्यावर बी थांबायचं. तुमी न्हाय, म्या.”

मी त्याला समजावायला लागलो. लहानपणच्या आठवणीत असं होतं, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी जातं, दुसऱ्याचं बोलणं आपलं वाटायला लागतं, वगैरे. वर्गात बोलतो तसाच बोलत होतो. अक्कांनी मला मधेच तोडलं.

“अहो, तो बरोबर सांगतोय. मी म्हणते ते ऐकून तो पण म्हणायला लागला. दुसरी पोरं नुसती ओरडायची. हा विमानं अंगावर आली की घाबरायचा आणि हळूच म्हणायचा, आगू. मग मी मागून बटण दाबायचे. वळून कधी बघितलंच नाही त्यानं.” वळलेली विडी त्यांनी सुपात ठेवली. “आई लांब, मामाकडं राहिलेलं पोर. थांब म्हटलं आणि काहीच नाही थांबलं, तर कसं वाटंल त्याला?”

मित्रानं खिशातून फोन काढला. मुलीला व्हिडिओ कॉल लावला, आणि तिनं उचलताच फोन अक्कांच्या तोंडासमोर धरला.

“अक्का, ते परत एकदा सांगा की. हिला.”

अक्कांनी पदर सारखा केला आणि फोनमधल्या अनोळखी मुलीकडे जरा वाकून बघितलं.

“थांबायचं गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबानं म्हटलं की सगळं थांबायचं. मी होते तिथं.”