ठिबकच्या नळ्यांवरची गादी

दिवाळीनंतरच्या सोमवारी माझी बायको वारली. तेराव्याचं जेवण उरकलं आणि तिचे थोरले भाऊ जळगावच्या आमच्या दारात जीप घेऊन उभे राहिले. जीपच्या मागे एक ट्रेलर होता.

माझ्या या मेहुण्यांना मी आबा म्हणतो. दुःख असो की डास, त्यावर लोखंडाच्या दुकानात जाऊन काहीतरी बनवून आणणे हा एकच उपाय आहे, असं मानणारा दुसरा माणूस अख्ख्या खानदेशात नसेल. त्यांची आई न्हाणीघरात घसरली तेव्हा त्यांनी घरभर आधाराचे दांडे बसवले. म्हातारी पुढे धडधाकट झाली, पाहुणे मात्र अजून त्या दांड्यांवर कपाळ आपटतात. गल्लीतल्या कुत्र्याला ऊन लागतं म्हणून त्यांनी चाकांचं छप्पर करून दिलं. कुत्र्याने ते एकदा पाहिलं आणि गल्लीच सोडली. बहीण गेल्यावर हा माणूस सुतकाचे सगळे दिवस धुळ्यात ट्रॉल्या बनवणाऱ्या एका मिस्त्रीच्या दुकानात बसून होता. त्यातून हा ट्रेलर निघाला: अर्धा पत्र्याचा पेटारा, अर्धा तंबू. मुक्कामाला पोचलं की दोन्ही बाजूंच्या फळ्या बाहेर ओढायच्या, वर कापड ताणायचं, की बिछान्याची सोय झाली. वाटेत लोक विचारायचे, "प्रचाराची गाडी का हो?" आबा गंभीरपणे सांगायचे, "नाही. झोपायची."

ती झोप माझी होती. बायको गेल्यापासून मी आमच्या गादीवर पाठ टेकली नव्हती. पुस्तकांच्या कपाटाजवळ खुर्चीत बसल्याबसल्या डोळा लागला तर लागला. गादी तिच्या माहेरच्या शेतातल्या कापसाची, लग्नात तिच्याबरोबर आलेली. पिंजारी बोलावून, त्याच्यासमोर बसून, बायको ती अधूनमधून पिंजून घ्यायची आणि एक मूठही कापूस कमी होऊ द्यायची नाही. आबांनी मला न विचारता गादी गुंडाळली आणि ट्रेलरमध्ये टाकली. म्हणाले, "दाजी, घरात झोप येत नाही ना? मग घर बदला. गादी तीच राहू द्या."

पहिला मुक्काम तोरणमाळला. एका फळीवर गादी टाकून मी, समोरच्या फळीवर आबा. थंडी कडाक्याची. सकाळी आबांनी गादी उचलली आणि ओरडले. शहरात ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतात, पण संकट आलं की अहिराणीवर येतात. "दाजी, बठ्ठं वल्लं शे!" गादीची खालची बाजू खरोखरच भिजली होती आणि फळीवर पाण्याचे थेंब उभे होते. कापसाला एकदा बुरशी धरली की तो फेकावाच लागतो.

आबांनी तपास सुरू केला. आधी छतावर बादल्या ओतून पाहिल्या. छत गळत नव्हतं. मग माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तपासलं. शेवटी माझ्याशेजारी बसून, आवाज अगदी खाली आणून विचारलं, "रात्री रडता का?"

"नाही, आबा."

"रडत असाल तरी हरकत नाही. फक्त विचारतोय." मग फळीकडे बघत म्हणाले, "पण एवढं?"

त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसलो.

पाणी बाहेरूनच येणार, या सिद्धांतावर आबा ठाम होते. त्यांनी फटी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्या, खिडक्यांचे पडदे दोरे घालून घट्ट बांधले, गादीखाली प्लास्टिकचा कागद अंथरला. दुसऱ्या सकाळी कागदावर तळं साचलं होतं आणि गादीला ओला वास यायला लागला होता. मी म्हणालो, "आबा, गादी घरी नेऊ. मी खुर्चीत बरा आहे." आबा दिवसभर गादी उन्हात टाकून तिच्याजवळ बसून राहिले.

परतताना आबांनी जीप जळगावच्याही पुढे काढली आणि आम्ही मुक्ताईनगरजवळ त्यांच्या सासुरवाडीच्या केळीच्या बागेत मुक्कामाला थांबलो. सकाळी आबा दात घासत केळीच्या ओळीत शिरले आणि तिथेच खिळले. घडांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांपैकी एक खालून घट्ट बांधली गेली होती, तिच्या आतून पाणी निथळत होतं. बाकीच्या खालून मोकळ्या होत्या, त्या कोरड्या. तोंडात ब्रश तसाच ठेवून आबा ओरडले, "दाजी, हे आपलंच पाणी! आपला श्वास! रात्रभर आपण दोघं घडासारखे बांधलेले असतो!"

दुपारपर्यंत त्यांनी लांबी खरवडली, पडदे सोडले, कागद फेकला. बांधावर ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्यांची वेटोळी पडली होती. त्या कापून फळीवर शेजारी शेजारी, मध्ये वाऱ्याला वाट सोडून बांधल्या आणि वर गादी टाकली. आबांच्या मेहुण्याने टोमणा मारला, "आबा, आता गादीला खतही सोडणार का?"

त्या रात्री मी झोपलो. खिडकी उघडी होती, गार वारा येत होता, गादीला उन्हाचा वास होता. इतके दिवस अडलेलं काहीतरी सुटलं आणि मग मला सकाळीच जाग आली.

आबांनी आधी गादीखाली हात घातला. "कोरडी शे," ते म्हणाले. मग अंथरूण आवरताना त्यांचा हात माझ्या उशीला लागला. त्यांनी ती एकदा चाचपली. यावेळी काही विचारलं नाही. उशी नेऊन जीपच्या बॉनेटवर उन्हात ठेवली आणि चहाचं बघायला गेले.

ट्रेलर आता धुळ्यात त्यांच्या अंगणात असतो आणि त्यात मांजर व्यालं आहे. गादी घरी पलंगावर आहे. तिच्याखाली नळ्या आहेत. घरात त्यांची गरज नाही, पण आबा ऐकत नाहीत. रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "कोरडी?" "कोरडी." एवढंच बोलणं होतं. मी गादीच्या डाव्या बाजूला झोपतो. उजवी बाजू रिकामी असते.