पेटीखात्यात भरती

मंदीचे ते वर्ष. मुंबईच्या गिरण्यांनी पाळ्या बंद केल्या आणि रत्नागिरीच्या बंदरावर प्रत्येक बोटीतून ट्रंका-वळकट्या घेऊन रिकामे झालेले कामगार उतरू लागले. गावात जो तो नोकर कमी करीत होता. अशा काळात एक व्यापारी माणसे ठेवू इच्छितो, ही वार्ता कोर्टाच्या आवारात, लोकांचे अर्ज लिहून देण्याच्या माझ्या मेजापर्यंत आली, तेव्हा मी हातातील अर्ज अर्धवट टाकून उठलो. यावरून तिचे महत्त्व वाचकांनी ओळखावे.

हा व्यापारी आंबे पाठविण्याच्या लाकडी पेट्या बनवी. मुंबईच्या एका दलालाने त्याच्याकडे सबंध हंगामाच्या पेट्या मागितल्या होत्या. परंतु पहिली खेप शिमग्यापूर्वी बोटीवर चढली नाही, तर काम दुसऱ्यास जाणार होते. मग वखारीस कायमचे कुलूप. त्याने दारावर पाटी लावली होती, 'गडी पाहिजेत'. एकही माणूस आला नव्हता!

"रायटरसाहेब, बंदरावर माणसांचा नुसता बाजार भरलाय. माझ्याच दारी कोणी का फिरकत नाही?" या शेटजींनी मला विचारले.

माझे शिक्षण मराठी पाचवीपर्यंत. तथापि ज्याचे शब्द कलेक्टरसाहेबांपर्यंत पोचतात, त्यास शब्दाचे दुखणे ओळखता येते. दोष 'गडी' या शब्दात आहे, असे सांगून मी तत्काळ भारदस्त अक्षरांत नवी पाटी लिहून दिली: 'होतकरू उमेदवार पाहिजेत'.

दुसऱ्या दिवशी पाटीपुढे ही गर्दी! माझा ऊर भरून आला. इतक्यात एकाने पाटी मोठ्याने वाचली.

"उमेदवार म्हंजे काय रे?"

"फुकट राबायचा, नि वर शेटला रामराम घालायचा! आमचा मेव्हणा कचेरीत उमेदवार लागला, तो अजून सासऱ्याचाच खातोय."

हशा पिकला आणि गर्दी पांगू लागली. शेटजींचा चेहरा उतरला. "साहेब, बुडवलंत तुम्ही मला!"

शब्द शुद्ध होता, हे मी आजही म्हणेन. पण ती वेळ वादाची नव्हती. मी गर्दीत शिरून एका उंच गृहस्थाचा हात धरला.

"अहो, पगार आहे, रोख आहे! मग इतके दिवस का आला नाहीत?"

"गडी म्हणून?" तो उसळून म्हणाला. "माझ्या बापानं गडी म्हणून लोकांच्या शेतात जन्म काढलान. मी गिरणीत माग चालवीत होतो, साळखात्यात! आता गावात गडी झालो तर बायको भाकरी वाढताना तोंड बघील माझा."

खाते! माझ्या अंगातून वीज गेली. मी खडू घेतला, पाटी पुसली आणि उभ्या-उभ्या लिहिले: 'पेटीखाते. पगारी भरती चालू.'

तो गृहस्थ थबकला. "खातं हाय? मग माणसं घेणारा जाबर कोण?"

"तुम्ही!" मी शेटजींस न विचारताच सांगून टाकले.

आणि मग जी झुंबड उडाली!

"ओ जाबर, आमाला घ्या की!"

"लायनीत उभा ऱ्हा, मेल्या! हय वशिला चालायचा नाय." नवा जाबर खेकसला.

शेटजी माझ्या कानाशी लागले. "साहेब, खातं म्हणजे नक्की कोणतं हो?"

"तुमचा माडाच्या झापांचा मांडव," मी म्हणालो.

काम तरीही सुरू होईना, कारण गिरणीसारखा भोंगा झाला नव्हता. भोंग्यावाचून खाते कसले? शेवटी शेटजींनी देवघरातला शंख आणून गाल फुगवून फुंकला, आणि मांडवात हातोड्यांचा असा गजर उठला की समोरच्या दुकानातील गिऱ्हाईक रस्त्यावर धावले. तेव्हापासून दररोज सकाळी शंख आणि मागोमाग हातोडे!

शिमग्याला अवकाश असतानाच पहिली खेप बंदरावर पोचली. बोटीपर्यंत माल नेणारा पडाव भरताना शेटजींस राहवले नाही. ते स्वतः एक पेटी खांद्यावर घेऊन धावले. मागून जाबर गरजला,

"शेट, बाजूला व्हा! पाडाल! खात्याचा माल हाय तो!"

आणि शेटजी, हसत हसत, खरोखरच बाजूला झाले.