दाबणारा हात

सुकेशनी मानोऱ्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. रोग्याला मनगट वर उचलून धरायला सांगायचं, आपण हाताने ते खाली दाबायचं आणि ते किती तग धरतं यावर पाचपैकी गुण द्यायचे, ही तिची रोजची तपासणी. त्या हिवाळ्यात तिचे रोगी भराभर बरे होऊ लागले. तिला त्याचं समाधानच वाटलं.

आसेगावची पंचफुला भाजीचा मळा करायची. मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर काही आठवडे व्यायाम झाला. सुकेशनीने पाच गुण देऊन तिला कामाला लागायला सांगितलं. थोड्याच दिवसांत ती लंगडत परत आली. कढत पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवरून उतरवताना हातातून सुटला आणि पाय भाजला.

ती भांडली नाही. बाकावर बसून म्हणाली, "मॅडम, हात बरा झाला म्हणून तुमीच सांगतलं. मंग गंज काहून सुटला?"

सुकेशनीने पुन्हा दाबून पाहिलं. मनगट हललं नाही. गोंधळून तिने दवाखान्यात नव्याने लागलेल्या सहकाऱ्याला, धीरजला बोलावलं. त्याने दाबताच मनगट खाली गेलं. त्याने सावकाश पुन्हा पाहिलं, तरी तेच. मग सुकेशनी त्याला म्हणाली, "आता तुझं मनगट वर धर, मी दाबते." ती सगळा जोर लावत होती आणि धीरजला काहीच जड जात नव्हतं.

तिला आठवलं, मागे बाटलीचं झाकण उघडत नव्हतं, तेव्हा तिने थंडीला दोष दिला होता.

ती पंचफुलासमोर बसली. "बाई, तुमचा हात बरा झालाच नव्हता. माझाच हात कमी पडून राह्यला होता. मले समजलं नाही."

पंचफुलाने सुकेशनीच्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, "आता तुमचा हात कोन पाह्यते?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी पाहिला. मानेत नस दबली होती. ऑपरेशन करूनही ताकद परत येईलच, असं ते सांगेनात. इकडे धीरजने जोर मोजायचं छोटं यंत्र आणलं. पण तेही हातात धरावं लागे, आणि सुकेशनीच्या हातात ते मागे सरके. शेवटी त्यांनी ते पट्ट्याने टेबलाला आवळून बांधलं. मग तपासणारा कोणीही असो, आकडा जवळपास तोच येऊ लागला. पंचफुलाच्या दुखऱ्या हाताचा जोर चांगल्या हाताच्या निम्माच निघाला. तिचे व्यायाम नव्याने सुरू झाले.

सुकेशनीने त्या हिवाळ्यातले सगळे रोगी परत बोलावले. बरेच आले, काही चिडूनच. तांड्यावरचा मोहनसिंग मात्र पूर्ण गुण घेऊन ऊसतोडीला गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता. तिने त्याच्या आईला, कमलीबाईला फोनवर गाठलं आणि त्या हाताने कोयता चालवू देऊ नका म्हणून विनवलं.

"निरोप देतो," कमलीबाई म्हणाली, "पण आता तो थांबनार नाही, बाई. तुमीच त्याले धाडलं होतं."

सुकेशनीने फोन ठेवला आणि मोहनसिंगचा नंबर पुन्हा लावला.