तीन पाळ्यांचा तक्ता

“वही टेबलावर ठेव आणि दाराशी उभी राहा. मशीनला हात लावू नको,” मालक म्हणाले.

मी दाराशी उभी राहिले. आत एसी चालू होता. कॉम्प्युटरसाठी. माणसांसाठी कधी लागला नव्हता.

नव्वद साल नुकतंच उलटलेलं. माधवनगरची कापड गिरणी. मी टाइम ऑफिसात कारकून. गाव जतकडचं. आठ वर्षं तीन पाळ्यांचा तक्ता मीच लावायचे. कोण रातपाळीला, कुणाची सुट्टी, सगळं माझ्या वहीत. आता ते काम कॉम्प्युटर करणार होता. दोन प्रोग्राम दाखवायला आले होते. त्यातला एक निवडणार मालकांची भाची. वाईची. माझ्याच वयाची. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केलेली.

मी तिच्या बोटांकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, हेवा वाटला. तिला बापानं पुण्याला धाडलं. मला मेंढरांमागं. शाळेत मी भांडून गेले. तिचं बोट चुकलं की मामा हसायचे. मी चुकले की दिवसाचा खाडा.

पडद्यावर पहिल्या प्रोग्रामचा तक्ता आला. दारातूनच दिसलं. मागावरचे शिवाप्पा रविवारी रातपाळीला. सोमवारी सकाळी सातला पुन्हा पहिल्या पाळीला. अहो, रातपाळी सुटतेच सातला.

“हा छान आहे. रंगीत आहे,” भाची म्हणाली.

“ह्यात माणूस मरंल,” मी बोलले.

“तुला कुणी विचारलंय?” मालक म्हणाले.

तरी मी चूक सांगितली. मग भाची म्हणाली, “मामा, दुसऱ्यात नियम भरता येतात. हिच्याकडून लिहून घेऊ या.”

हिच्याकडून. आठ वर्षांत माझं नाव एवढंच झालं होतं.

मालक म्हणाले, “सगळं कागदावर उतरव. हिला दे. उद्यापासून तू बॉबिन खात्यात.”

“मशीनात भरीन तर मीच भरीन. माझ्या हातानं.”

“वही गिरणीची आहे.”

“वही ठेवा. नियम माझ्या डोक्यात हायेत. ते देणार न्हाई.”

वही टेबलावरच राहिली. तशीच बाहेर पडले.

मला बॉबिन खात्यात टाकलं, सुताची रिळं भरायला. नियम मिळाले नाहीत, मग त्यांनी रंगीतच घेतला. दुसऱ्या आठवड्यात शिवाप्पा आले. “आक्का, रातपाळी सुटली की लगेच पुन्ना लावलंय. काय करू?”

“जाऊ नका आण्णा. अर्ज मी लिहिते. बाकीच्यास्नी बोलवा.”

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या मागवाल्यांनी सह्या केल्या. मालकांनी तक्ता बदलला. मला मात्र परत बोलावलं नाही.

मी सांगलीत कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. भाची अजून त्या एसीत बसते. मला अजून तिचा हेवा वाटतो. तो जाऊ नये, त्याच्याच जोरावर मी वर्गाला जाते. ज्यांनी कधी पाळी केली नाही, त्यांनी लावलेली पाळी मी मुकाट्यानं करणार नाही. दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.