कॉलेजचा घरजावई

ज्या कॉलेजच्या संघातून मी फुटबॉल खेळलो, त्याच संघाचा कोच म्हणून मला परत बोलावून घेतलं, आणि गावानं माझं नाव ठेवलं घरजावई. शिकला इथंच, खेळला इथंच, आता नोकरीलाही इथंच, म्हणजे सासऱ्याच्या घरी राहिलेला जावईच की! पहिल्यांदा हे कुणाच्या तोंडून निघालं ठाऊक नाही, पण पक्कं केलं ते आमच्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी. सहकारी साखर कारखान्याचे चेअरमनही तेच. त्यांनी एखाद्याला काही म्हटलं की जिल्ह्यात तो तेच होऊन बसायचा.

खरं सांगायचं तर मला ते नाव आवडलं होतं. माझे वडील येडशीला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते, आणि आमचं घर बाबासाहेबांच्या मागून बौद्ध झालेलं. फुटबॉल मी मामाकडे कुर्डुवाडीला शिकलो, रेल्वेच्या कामगारांबरोबर. कॉलेजात खेळायचो तेव्हा चेअरमनसाहेब मला ‘ए येडशी’ अशी हाक मारायचे. कोच झाल्यावर मी एकदम ‘जावईबापू’ झालो आणि अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. आमच्यासारख्याला ते लोक जावई म्हणतात, याचं मला कोण अप्रूप! हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या मागं.

‘दोन वर्षं संघ सांभाळा, मग तुमचं तुम्ही मोकळे,’ असं साहेबांनी सांगितलं होतं. ती दोन वर्षं कधी संपली आणि पुढची कधी सुरू झाली, ते मला कळलंच नाही.

आमच्या कॉलेजला मैदान म्हणावं असं मैदान नव्हतं. मागच्या काळ्या रानात पावसाळ्यात बूट रुतायचे आणि उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळायचे. खरं मैदान मिळायचं ते दुष्काळात. गावाखालचा तलाव आटला की त्याचा तळ सपाट उघडा पडायचा. आम्ही भेगांत मुरूम भरायचो, चार बांबू रोवायचो आणि सराव सुरू. पोरं सगळी तेरकडची, तुळजापुराकडची, शेतकऱ्यांची. कबड्डीत तरबेज, त्यामुळं समोरचा चेंडू घेऊन आला की यांचे हात आपोआप त्याच्या कमरेला. ती सवय मोडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

एकदा आभाळ भरून आलं तेव्हा आमचा गोलकीपर, म्हणजे गोली, बोलून गेला, “सर, फायनल होईस्तोवर पाऊस नको बगा.” शेळ्या राखणारा एक म्हातारा तिथंच बसला होता. तो उठून आला आणि म्हणाला, “लेकरा, खेळ बंद पडला तर पडंल, पन असं तोंडातनं काढू न्हाय.” गोली मान खाली घालून उभा राहिला. मनातून मलाही पाऊस नकोच होता.

पाण्याचे हाल होतेच. टँकरच्या रांगेतून पोरं एक घागर भरून आणायची आणि हाफटाइमला अख्खा संघ त्या एका घागरीवर असायचा. पत्र्याचा एकच ग्लास. कुणाचा कोण, हे बघायला तहान सवडच देत नव्हती. मराठा, लिंगायत, मुसलमान, आमचा, सगळ्यांच्या ओठांचा तो एक ग्लास. शेवटी मी प्यायचो. त्या ग्लासाचं मला फार बरं वाटायचं.

इकडं माझी बायको सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी शनिवारी दुपारची एसटी पकडायची, तुळजापूर, तामलवाडी करत सोलापूर गाठायचं, आणि सोमवारी पहाटे परत. आमचा संसार म्हणजे तेवढाच. मुलगी मला बघून आईच्या पदरामागं लपायची. बायको एकदा म्हणाली, “अहो, एक काय ते ठरवा. त्यांचे घरजावई व्हायचं का लेकीचे बाप?”

मी ठरवलं होतं. सोलापूरच्या एका कॉलेजात खेळाच्या शिक्षकाची जागा होती आणि तिथल्या प्राचार्यांना मी हवा होतो. पण त्या संस्थेचे चेअरमन आमच्या चेअरमनसाहेबांचे व्याही निघाले. ते मला समोर बसवून म्हणाले, “पाव्हण्याचा मानूस म्या कसा घिऊ? त्यांनी तोंडानं सोडला म्हनू द्या, उद्या या.” कारखाने, बँका, कॉलेजं, सगळी सोयऱ्याधायऱ्यांत विणलेली. एका चेअरमनचं दार सोडून दुसऱ्याचं वाजवावं, तर आत पहिल्याचाच जावई नाहीतर मेहुणा बसलेला. आमच्या साहेबांच्या एका शब्दाशिवाय मला जिल्ह्याबाहेर पाय टाकता येणार नव्हता.

शब्द मागायला गेलो. साहेब हसले. “विद्यापीठाचा कप आणा. मग म्या सोता तुमाला सोलापूरला सोडाया येतो.”

मग मी पोरांच्या मागं हात धुऊन लागलो. तरी कधी सेमीफायनलला हरलो, कधी फायनलला. हरलो की साहेब म्हणायचे, “कप आनल्याबिगर कसं जाताव, जावईबापू?” मी परत तलावात. दुसऱ्याच्या पोरांना पळवता पळवता माझी पोर चालायला लागली, बोलायला लागली, आणि एका शनिवारी तिनं मला ‘मामा’ म्हणून हाक मारली. त्या रात्री मला अन्न गोड लागलं नाही.

कप आला तो अगदी कोरड्या वर्षी. पावसाळाभर तलाव भरलाच नव्हता, म्हणून सराव एक दिवसही चुकला नव्हता. औरंगाबादेत शहरातल्या पोरांशी फायनल होती. त्यांचे बूट चकचकीत, आमच्या बुटांना तलावाचा गाळ. मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलनं मागं होतो. मी पोरांना एवढंच म्हटलं, “हात कमरेवर नेऊ नका, बाकी काय करायचं ते करा.” त्यांनी दोन गोल केले आणि शेवटच्या मिनिटांत आमच्या गोलीनं असा चेंडू अडवला की समोरचा कोच सुद्धा टाळ्या वाजवायला लागला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मी रडत होतो. पोरांना वाटलं सर कपासाठी रडतात. मला डोळ्यांसमोर फक्त एसटी दिसत होती.

कारखान्याची वार्षिक सभा चालू होती तेव्हा साहेबांनी कप टेबलावर ठेवला. ऊस नव्हता, हंगाम बसला होता, सभासद भांडायलाच आले होते. कुणी उठून बोलायला लागलं की साहेब कप वर उचलून धरायचे. “दुष्काळातबी आपल्या पोरांनी काय करून दावलं बगा!” लोक टाळ्या वाजवायचे आणि बोलणारा खाली बसायचा. आमचा कप त्यांच्या किती कामाचा, हे मला तिथं मागच्या खुर्चीवर बसून कळलं.

सभा संपल्यावर मी गेलो. “साहेब, कप आला.”

“आला की!” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “आता तर तुमाला सोडतच न्हाय.”

हरलो तर सुटका नाही आणि जिंकलो तर मुळीच नाही. आता काय करायचं ते मला सुचेना. बायकोला सांगितलं. तिनं नुसतं पोरीचं डोकं विंचरायला घेतलं.

त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. आपल्याकडं त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंड्याचं जेवण घालतात, लेकीसकट. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, आहेर. साहेबांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, “यंदा कॉलेजच्या जावयाचा धोंडा आमच्या घरी! जोडीनं या.” सगळे हसले. बायको म्हणाली, “आपण कधी धोंडा मानला का?” मी म्हटलं, “मानायचा कशाला? साहेब खुशीत असतील, परत एकदा विषय काढता येईल.” ती तयार झाली. पोरीला शेजारणीकडं ठेवून, दवाखान्यातून रजा घेऊन आली आणि पेटीतली चांगली साडी नेसली.

साहेबांचं घर नवं, स्लॅबचं, समोर रुंद व्हरांडा. त्या व्हरांड्यावर मी कितीदा चहा प्यालो होतो. बाकीच्यांना कपबशी यायची, मला काचेचा ग्लास. तो ग्लास नंतर खिडकीच्या चौकटीवर वेगळा ठेवलेला असायचा. हे मला दिसायचं, त्यांना दिसायचं, आणि त्यावर कधी कुणी ब्र काढत नसे. जावई म्हणून हाक मात्र मोठ्यानं यायची.

आत साहेबांचे खरे जावई पाटावर बसले होते. भोवती रांगोळी, ताटभर अनारसे, समया. आम्हा दोघांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं, पुढं पत्रावळी. जेवण तेच, त्याबद्दल तक्रार नाही. वाढपी आला, तांब्या वर उंच धरून त्यानं आमच्या ग्लासांत लांबूनच धार सोडली. बायकोच्या हातावर थोडं सांडलं. तिनं हात पुसला आणि ग्लास तसाच ठेवला.

जेवणं उरकत आल्यावर साहेब पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. माझा चेहरा बघून म्हणाले, “काय, जावई रुसला का काय? रुसा, रुसा! धोंड्याला जावई रुसला तर मागंल ते द्यायला लागतं.”

मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, “मागतो मग. साहेब, मला सोडा.”

ते खळखळून हसले. “अवो, घरजावयानं रुसायचं नसतंय! रुसून जानार कुठं? घर तर सासऱ्याचंच की!”

सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो. आपल्याच गळ्यातला फास असा मजेदार वाटावा आणि आपणही त्यावर हसावं, याचा मला इतका संताप आला की समोरची पत्रावळ दिसेनाशी झाली.

बायको हसली नव्हती. ती म्हणाली, “साहेब, हे तुमचे जावई, तर मी तुमची लेक झाले की न्हाय?”

“व्हय की, बाई! लेकच!” साहेब अजून हसतच होते.

“मग माहेरात लेक वाढप्याला पानी मागत न्हाय. हातानं घेती.”

ती उठली, पदर खोचला आणि सरळ आत गेली. रांगोळीला वळसा घालून, पाटावरच्या जावयांच्या मागून, थेट स्वयंपाकघरात. दारातून मला सगळं दिसत होतं. साहेबांच्या पत्नी हातात झारा घेऊन कढईपाशी उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. बायकोनं कोपऱ्यातल्या रांजणावरची थाळी उचलली, आत तांब्या बुडवला आणि उभ्यानं सगळं पाणी प्याली. तिला कुणी अडवलं नाही. लेकीला अडवायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिनं तांब्या विसळला, पालथा घातला आणि बाहेर आली.

“जाती मी आता. जावयाला माझ्यासंगं लावून द्या.”

व्हरांड्यात कुणी हसत नव्हतं. साहेबांनी टोपी काढली, परत घातली. माझ्याकडं न बघता म्हणाले, “सर, सोमवारी सोलापूरला जावा. आमच्या व्याह्यांना म्या आजच फोन लावतो.”

सर! इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच सर म्हटलं होतं. जावई म्हणून धरून ठेवलेल्या माणसाला त्यांनी सर म्हणून बाहेर काढलं.

फाटकाबाहेर पडलो तर मागून परसात पाणी ओतल्याचा आवाज आला, आधी धबधब, मग बराच वेळ बारीक. अख्खा रांजण. गावात बायका टँकरमागं पळत होत्या त्या उन्हाळ्यात. माझ्या पोरांचे कितीतरी हाफटाइम निघाले असते तेवढ्यात.

एसटी तामलवाडीला आली. सुटलो होतो, तरी रांजणाची ती धार कानातून जात नव्हती. शेवटी मी विचारलं, “ऐकलंस ना?”

“ऐकलं,” ती म्हणाली. खिडकीबाहेर सगळी रानं करपलेली होती. “पाणी गार होतं मात्र.”