थांब म्हटलं की थांबणारी फुलं

त्र्यंबककाकाजींच्या बागेत दसऱ्याला एकही फूल नसे. धाड गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा मी त्यांच्याकडे खोली घेतली, आणि पहिल्याच आश्विनात हा प्रकार पाहिला. गावात ज्याच्या दारात वीतभर माती, त्याच्याकडेही झेंडू ओसंडत होता. यांच्या परसात मात्र विहिरीपासून कुंपणापर्यंत शेवंती, अ‍ॅस्टर, झिनिया आणि डेलियाचे वाफे, आणि सगळे नुसते हिरवेगार. सकाळी धोतराचा काचा मारून काकाजी वाफ्यात उकिडवे बसायचे आणि नखाने एकेक कळी खुडून टोपलीत टाकायचे. मी शहाणपणा करून विचारलं, "कीड लागलीय का?"

"कीड नाही बाई," ते वर न बघता म्हणाले. "थांबवून राह्यलो त्याईले."

कळी खुडली की झाड बाजूने फुटतं आणि फुलायला आणखी काही आठवडे घेतं, हे मला तेव्हा कळलं. काकाजींची फुलं निवडायची तऱ्हाही त्यावरच बेतलेली होती. शेवटच्या वाफ्याला चारदोन रोपं कोंबड्याची का लावत नाही, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "कोंबडा हेकट हाय. त्याले थांब म्हटलं तर मरून जाते, पण थांबत नाही. आपल्या बागेत सांगितलेलं ऐकनारंच फूल पाह्यजे." कोण हेकट, हे मला दिसत होतं, पण नव्या भाडेकरणीने किती बोलावं यालाही मर्यादा असते. झेंडूचं नाव काढलं तर मात्र ते सरळ उठून विहिरीकडे जात. दसऱ्याच्या तोरणासाठी काकू शेजारून ओंजळभर झेंडू मागून आणत.

खरी गोष्ट काकूंनी चुलीपुढे बसून सांगितली. त्यांची एकुलती एक लेक सुमन, घाटाखाली वरवट बकालला दिली होती. माझी खोली तिचीच; तिची शाळेची पिशवी अजून खुंटीला होती. लग्नात काकाजींनी हौसेने घरच्या झेंडूचे हार स्वतः ओवले होते. व्याह्यांनी गळ्यातला हार काढला, मांडवाबाहेर धमनी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, उभी होती तिच्या बैलाच्या शिंगात अडकवला आणि म्हणाले, "यालेच शोभते हा!" मांडवात हशा पिकला. सुमन तेव्हा आत साडी बदलत होती, तिला काही कळलं नाही. काकाजी हसणाऱ्यांकडे बघत उभे राहिले. पाठवणी झाली, मंडळी गेली, आणि त्यांनी काकूंना सांगितलं, "त्या माणसाचा उंबरा मी चढनार नाही." त्या वर्षापासून झेंडू बंद झाला.

आता अडचण अशी, की दसरा-दिवाळीला लेकीला माहेरी आणायचं तर मुराळी जावा लागतो, म्हणजे तिला घ्यायला माहेरचं कोणी तरी. सुमनला भाऊ नाही, चुलता नाही. जायचं तर काकाजींनीच. ते जात नव्हते, आणि न्यायला माणूस आल्याशिवाय व्याही पाठवत नव्हते. धाडच्या बाजाराला घाटाखालून बैलांचे व्यापारी गफूरभाई यायचे, त्यांच्याबरोबर काकाजी निरोप धाडायचे: दसऱ्याले पोरीले पाठवा. गफूरभाई पुढच्या बाजाराला उत्तर आणायचे: कोनी घ्यायले या. मग पोर येईपर्यंत फुलं थांबावीत म्हणून काकाजी बागेत जाऊन कळ्या खुडायचे. दसऱ्याची फुलं दिवाळीवर जात, दिवाळीची कार्तिकी एकादशीवर. पुढे थंडी पडे, खुडून खुडून दमलेली झाडं किरटी फुलं देत, आणि त्यांच्याकडे काकाजी ढुंकूनही बघत नसत. सुमन अशी कितीतरी वर्षं माहेरी आली नव्हती.

"काकाजी, खाली मान घालून एक डाव जाऊन या ना," गफूरभाई एकदा ओट्यावर चहा पिताना म्हणाले. "मोटारीत बसाचं, उतराचं. काय बिघडते?"

"बिघडत काहीच नाही," काकाजी म्हणाले. "त्यायनं धाडावं. मी का नाही म्हनतो?"

"फुलाईले कायले सजा देता मंग?" दाराआडून काकू बोलल्या.

यावर काकाजींनी बशी खाली ठेवली आणि बाजाराला निघून गेले.

त्यांना माणुसघाणे म्हणावं, तर तेही खरं नाही. मला हिवताप आला तेव्हा गुळवेलीचा काढा घेऊन ते दाराबाहेर उभे राहायचे आणि पेला रिकामा झाल्याशिवाय हलायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला. त्याला त्यांनी पाट मांडून जेवायला बसवलं, स्वतः वाढलं, आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, "किती मोटारी बदलल्या? जागा भेटली? घाटात मळमळलं नाही ना?" भाऊ म्हणाला, "अहो, सकाळी निघालो, संध्याकाळी पोचलो. त्यात काय एवढं!" काकाजी हातात वरणाचं भांडं धरून तसेच उभे राहिले. आम्ही निघालो तेव्हा स्टँडवर पोचवायला आले, माझी ट्रंक टपावर चढवून दिली आणि मोटार सुटेपर्यंत भावाकडेच बघत होते. तेव्हा मला त्यांची दया आली, आणि रागही आला. एवढी माया पोटात आहे, तर ती घेऊन एकदा मोटारीत का बसत नाही हा माणूस?

तिसऱ्या वर्षीच्या दसऱ्यानंतर, कोजागिरीच्या अलीकडे, सकाळी काकूंची हाक ऐकून मी परसात धावले. काकाजी शेवंतीच्या वाफ्यात एका कुशीवर पडले होते. शेजारी टोपली, आणि टोपलीत नुकत्याच खुडलेल्या कळ्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

वरवटला तार केली. पण तार पोचायची, तिने निघायचं, घाट चढून यायचं. तोवर थांबणं शक्य नव्हतं. तिरडीला फुलं हवी होती आणि एवढ्या मोठ्या बागेत एक फूल नव्हतं. शेजाऱ्यांनी आपल्या दारचा झेंडू आणला. काकाजींच्या अंगावर शेवटी झेंडूच पडला. तो काढून टाकायला त्यांचे हात उठले नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सुमन आली. या वेळी कोणी घ्यायला जावं लागलं नाही. आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग मागच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्यासाठी वर्षानुवर्षं लावलेल्या बागेत तिला काय दिसलं, तर नुसता पाला. "बाबाईनं भाजी लावली व्हती का वं?" तिने आईला विचारलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. मी पाणी आणायचं निमित्त करून विहिरीवर गेले.

तेराव्याला व्याही आले. थकलेला, बोलका, कानात भिकबाळी घातलेला शेतकरी गडी. जेवणं झाल्यावर, सुमन विहिरीवर भांडी घासत होती तेव्हा, काकू दाराआडून म्हणाल्या, "त्या हारासाठी तुमी माफी मागाल, याची वाट पाहत गेले ते."

"हार?" व्याही म्हणाले. "कोनता हार, ईहीनबाई?"

काकूंनी सांगितलं. त्यांनी आठवून पाहिलं. खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच आठवत नव्हतं. "लग्नात थट्टामस्करी चालतेच ना," ते शेवटी म्हणाले. "आमी तं समजलो, त्र्यंबकराव मोठा मानूस, आमच्या कुडाच्या घरी कायले येईन? आमाले वाटलं, त्याईलेच पोर जड झाली." त्यांच्याकडे कापूस फुटला होता, वेचायला घरी माणूस हवं होतं. दुसऱ्या दिवशी सुमनला घेऊन ते घाटाखाली गेले.

दिवाळी आली आणि गेली. आमच्याकडे पणती लागली नाही. बागेला मात्र मी आणि काकू पाणी घालत होतो. मग कार्तिकात, कळ्या खुडायला कोणी नाही म्हणताना, बाग एकदम फुलली. पिवळी, पांढरी, तांबूस शेवंती, जांभळे अ‍ॅस्टर, थाळीएवढे डेलिया. गावातली माणसं कुंपणाशी उभी राहून बघू लागली. ते रंग बघून मला रडू कोसळलं. काकू रडल्या नाहीत. पायरीवर बसून सकाळभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, मले मोटारीत बसवून द्या. मी जातो पोरीले आनाले."

कपाळ पुसून महिना-सव्वा महिना झालेली बाई मुराळी म्हणून निघाली, यावर गाव जे बोलायचं ते बोललं. काकू सकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सुमनला घेऊन परत आल्या. व्याह्यांनी एका शब्दाने पाठवलं होतं. इतकंच काम होतं ते.

सुमनने पिशवीही खाली ठेवली नाही, तशीच परसात गेली. उजेड थोडाच उरला होता. ती एकेका वाफ्यापाशी थांबत, फुलांना हात लावत कुंपणापर्यंत गेली आणि परत फिरली. पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं, काही तरी शोधल्यासारखं.

"आई," ती म्हणाली, "बाबाईनं झेंडू नाही लावला काऊन? माझ्या लग्नात त्यायनं हार केले व्हते ना, तो मले लई आवडते."